धंदा टाकायचा... अकोला की अमरावती?

पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या वऱ्हाडी माणसाला दिवाळीच्या सुट्टीत हमखास एक झटका येतो. घरचा फराळ, जुने मित्र, दहा मिनिटांत शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारी बाइक... आणि डोक्यात फंडा चमकतो, 'यार, आपण इथंच काहीतरी सुरू करायला पाहिजे!' परतीच्या गाडीत शेगावला कचोरी घेतली जाते. भुसावळ येईपर्यंत बिझनेस प्लॅन तयार असतो. नाशिकपर्यंत ब्रॅण्डचं नाव ठरतं. आणि कल्याण आलं की ईएमआय आठवतो.

आजचा कॉलम ज्यांचा झटका कल्याणनंतरही उतरत नाही त्यांच्यासाठी. माझी मावसबहीण त्यातली. हिंजवडीत आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, वीकेण्डला घरच्या ओव्हनमध्ये बिस्किटं आणि केक केले, सोसायटीत विकले. आता तिला बेकरी टाकायचीय. माहेर अकोला, सासर अमरावती. म्हणजे राहण्या-खाण्याची सोय दोन्हीकडे फुकट आणि सल्लेही दोन्हीकडे फुकट! पणाला काय, तर तिचा पीएफ, आठ वर्षांची शिल्लक आणि मावशीनं मोडायला काढलेली एक एफडी. 'दादा, तू एवढं लिहितोस, मग सांग ना, कुठं स्वस्त पडेल?' असा तिचा प्रश्न. मी आधी हसलो. मग म्हटलं, बसून हिशोबच करू.

बसल्यावर पहिली गंमत कळली. ज्याला आपण 'कॉस्ट ऑफ डुइंग बिझनेस' वगैरे म्हणतो, त्यातला मोठा भाग दोन्ही शहरांत सेम टू सेम आहे. वीज दोन्हीकडे महावितरणची, दर नियामक आयोगानं राज्यभरासाठी ठरवलेले. फरक पडतो तो कनेक्शनच्या वर्गामुळे. नुसतं दुकान असेल तर व्यावसायिक दर, माल तयार होत असेल तर औद्योगिक. तेव्हा ओव्हन घेण्याआधी महावितरणच्या ऑफिसात जाऊन आपण कुठल्या वर्गात बसतो ते विचारून घ्या, नंतर भांडत बसू नका. खाद्यपदार्थांचं लायसन्स देशभर एकच. शॉप अॅक्टची नोंद छोट्या दुकानासाठी ऑनलाइन. व्यवसायकर राज्याचा. जकात तर इतिहासजमा झाली. तिच्या जागी आलेला एलबीटी १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता उठला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तो विषयच संपला. एके काळी 'त्या शहराच्या नाक्यावर माल महाग पडतो' असं म्हणता यायचं. आता ती सोय नाही.

मग राहतं भाडं. बहिणीनं दोन्हीकडे फोन फिरवले. अमरावतीत राजापेठ, गाडगेनगर भागात तिला सांगितलेले आकडे अकोल्यातल्या जठारपेठ, गोरक्षण रोडच्या आकड्यांपेक्षा वरचे निघाले. ती लगेच अकोल्याच्या बाजूनं झुकली. मी म्हटलं, थांब. भाड्याचा आकडा हा फक्त ट्रेलर असतो.

पूर्ण पिक्चर असा. समजा भाडं महिना २० हजार, परत मिळणारं डिपॉझिट २ लाख आणि लीव्ह अॅण्ड लायसन्सचा करार ३६ महिन्यांचा. मुद्रांक शुल्क किती? एकूण भाडं ७ लाख २० हजार, त्यात डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ६० हजार. बेरीज ७ लाख ८० हजार, तिचा पाव टक्का म्हणजे १,९५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार. एवढंच! आणि तरीही लोक 'अकरा महिन्यांचा कागद करू, नोंदणी कशाला' म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो की हा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो कितीही महिन्यांचा असो. तीन हजार वाचवायला जाऊन दोन लाखांचं डिपॉझिट हवेत ठेवणाऱ्यांना काय म्हणावं?

जीएसटीचा काटा वेगळा. मालक जीएसटीत असेल तर भाड्यावर १८ टक्के, म्हणजे २० हजारांवर ३,६०० रुपये. मालक नोंदणीकृत नाही आणि तुम्ही आहात, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर तुम्हीच सरकारात भरायचा. कंपोझिशन स्कीममधल्यांना पुढे त्यातून सूट मिळाली. प्रॉपर्टी टॅक्स मात्र प्रत्येक महापालिकेचा आपापला. तो कोण भरणार, हे करारात लिहून घेतलं नाही तर पहिल्या मार्चमध्ये मालकाशी अबोला ठरलेला. आणि जुन्या बाजारपेठेत जागा हवी असेल तर पगडी. कायद्यानं तिला मान्यता आहे, पण नवख्या माणसाचं सगळं भांडवल भिंतींत जाऊन बसतं, कणकेला काही उरत नाही.

हे सगळं कागदावरचं. आमच्या काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, वेगळंच काढलं. अकोल्याच्या एका दालमिलमध्ये तीस वर्षं हिशोब लिहिलेला माणूस. ते म्हणाले, 'पोरी, अमरावतीत गिराईक पैसे घेऊन येते. अकोल्यात गिराईक आधी माल पाहाले येते, पैसे मंग येते.'

हा डायलॉग मी दोन दिवस डोक्यात घोळवला. कारण त्यात दोन्ही शहरांची कुंडली आहे.

अमरावती हे विभागीय मुख्यालय. पाच जिल्ह्यांचे आयुक्त तिथं बसतात, १९८३ पासून विद्यापीठ आहे, कॅम्प भागात फिरलात तर दर दुसरी पाटी सरकारी. म्हणजे महिन्याच्या एक तारखेला शहराच्या खिशात पगार पडतो. आणि यात एक भारी बारकावा आहे. केंद्र सरकारच्या घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे एक्स, वाय, झेड असे वर्ग आहेत. पाच लाखांवर लोकसंख्या असली की वाय. २०११ च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या जवळपास, अकोला सव्वाचार लाख. त्यामुळे अमरावती वाय, अकोला झेड. जानेवारी २०२४ पासून वाय शहरात हा भत्ता मूळ पगाराच्या २० टक्के झाला, झेडमध्ये १० टक्के. पोस्टात किंवा रेल्वेत ५० हजार मूळ पगार असलेल्या माणसाला अमरावतीत १० हजार, अकोल्यात ५ हजार! तेच काम, तोच शिक्का, शंभरेक किलोमीटरचा फरक. २०१६ मध्ये अकोल्याची हद्द वाढली खरी, पण वर्ग ठरला तो २०११ च्याच मोजणीवर. आता अमरावतीतला घरमालक भाडं का वाढवून मागतो, हे वेगळं सांगायला नको. पण बेकरीवाल्याच्या बाजूनं बघा. तोच जास्तीचा पैसा वाढदिवसाच्या केकमध्ये पण येतो ना!

अकोल्याचं कॅलेण्डर वेगळं. तिथं एक तारखेपेक्षा हंगाम मोठा. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि कापूस, जानेवारी-फेब्रुवारीत तूर. मग दालमिला फुल स्पीडमध्ये, ट्रक, हमाल, अडते, दलाल, सगळीकडे पैसा फिरतो. जून-जुलैत तोच पैसा बी-बियाण्यांत आणि खतांत जातो आणि बाजार 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणतो. अकोल्यात श्रीमंती कमी नाही, फक्त ती दर महिन्याला दर्शन देत नाही. त्यात दवाखाने आणि कोचिंग क्लासेस. शेजारच्या जिल्ह्यांतून पेशंट आणि पोरं इथं येतात, आणि हे गिऱ्हाईक बाराही महिने असतं. गोरक्षण रोडवर संध्याकाळी क्लास सुटल्यावर जी गर्दी होते, ती बघून माझ्या बहिणीचे डोळे चमकले होते.

म्हणून खरा खर्च कुठला? उधारीचा. समजा हॉटेलं, कॅन्टीन, किराणा दुकानांत मिळून तुमचे २ लाख रुपये ६० दिवस अडकले आणि तुम्ही कॅश क्रेडिटवर १२ टक्के व्याज भरताय. हिशोब करा, जवळपास ४ हजार रुपये गेले. म्हणजे २० हजारांचं भाडं गुपचूप २२ हजारांचं झालं, दर महिन्याला! भाड्यात दीड हजार वाचले म्हणून पेढे वाटणाऱ्यानं हे गणित भिंतीवर लावावं. कायदा तुमच्या बाजूनं थोडाफार आहे. सूक्ष्म-लघु उत्पादक म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असं थकवलेलं पेमेंट समोरच्याला त्या वर्षी इन्कम टॅक्समध्ये खर्च म्हणून दाखवता येत नाही. पण बाजारात दुसऱ्याच महिन्यात गिऱ्हाइकाला कलम दाखवणारा बेकरीवाला किती दिवस टिकेल, हा प्रश्न मी काकांना विचारला. ते नुसतेच हसले.

हे दोन स्वभाव आले कुठून? थोडं मागं जाऊ, फार नाही. इंग्रजांनी वऱ्हाडाचे दोन तुकडे केले तेव्हा पूर्व वऱ्हाडाचं ठाणं अमरावती, पश्चिमेचं अकोला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं १८६१ ते ६५ मध्ये लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि वऱ्हाडाचे भाव फुटले. वऱ्हाडी कापसाला लिव्हरपूलपर्यंत नावच पडलं 'उमरा', म्हणजे उमरावतीचा! पण १८६७ मध्ये नागपूरला पोचलेली रेल्वे अकोल्याच्या दारातून गेली आणि अमरावतीला बाजूला ठेवून बडनेऱ्यावरून निघून गेली. मग १८७१ मध्ये बडनेरा ते अमरावती असा छोटा फाटा काढावा लागला. नाव एकाचं, रूळ दुसऱ्याचे. दीडशे वर्षांनी उलटा सीन झाला. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला नागपूर ते मुंबई असा पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला. तो अमरावती जिल्ह्यातून जातो, वाशीम-बुलडाण्यातून जातो आणि अकोला जिल्ह्याला चक्क वगळतो. त्याच वर्षी १६ एप्रिलला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान उडालं. अकोल्याचं शिवणी विमानतळ त्याहून कितीतरी जुनं, पण धावपट्टी वाढवायचा विषय वर्षानुवर्षं जमिनीत अडकलेला. मोठ्या गुंतवणुकीतही अमरावतीचं पारडं जड झालंय. नांदगाव पेठेत आधीच टेक्स्टाइल पार्क होता, तिथंच हजार एकरांच्या 'पीएम मित्र' पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ ला झाली. देशात असे सातच. शहरातला होलसेल कापडबाजारही त्याच नागपूर रोडला सरकलाय. बिझीलँड, सिटीलँड, ड्रीम्झलँड अशी नावं असलेले मार्केट बघितले की आपण वऱ्हाडात आहोत की दुबईत, असा प्रश्न पडतो. (नावांचं सोडा. आत भाव करणारा माणूस शंभर टक्के वऱ्हाडी.)

अकोलेकर यावर चिडतात. त्यांचं म्हणणंही खोटं नाही. मुंबई-हावडा मेन लाइन आहे, पूर्णेकडून हैदराबादला जाणारी लाइन २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली, अकोटचीही २०२२ मध्ये झाली. विमानातून कोणी तूरडाळ पाठवत नाही. माल हलवणाऱ्याला जंक्शन लागतं, आणि ते अकोल्याकडे आहे.

बेकरीला विमान नको, समृद्धी नको. तिला लागतं पाणी, आणि तिला सोसत नाही तो उकाडा.

पाण्याचं आधी. अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं पाणी, अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं. मोठं धरण अर्थातच अमरावतीकडचं. अकोल्याच्या बाजूला पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा. बोअर मारली तरी पाणी खारट लागायची शक्यता. चहाची चव बिघडते तिथं पावाची काय कथा! म्हणजे टाकी मोठी, आरओ मोठा, अधूनमधून टँकर. हा खर्च कुठल्याच ब्रोकरच्या एसएमएसमध्ये नसतो. जागा बघायला जाल तेव्हा मालकाला भाडं विचारण्याआधी शेजाऱ्याला विचारा, नळ किती दिवसांनी येतो आणि किती वाजता.

उकाडा दोन्हीकडे आहे, पण अकोला म्हणजे अकोलाच. २६ मे २०२० ला तिथं पारा ४७.४ अंशांवर होता. मे २०२४ मध्ये तर जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हामुळे चक्क १४४ कलम लावलं. कामगारांसाठी पाणी-पंख्यांची सोय करा आणि क्लासेस सकाळी दहा ते संध्याकाळी पाचपर्यंत बंद ठेवा, असे आदेश निघाले. आता विचार करा. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे क्लासची पोरं, आणि क्लासच बंद! आत ओव्हन, बाहेर भट्टी. कारागीर दुपारी थांबणार नाही, थांबला तर जास्त पैसे मागेल, आणि तो बरोबरच मागेल. क्रीम केक सोडाच, चॉकलेटचा डबा उघडला की सूप.

इथं आमच्या हिशोबाला वळण लागलं. मी शहर निवडायच्या मागे होतो, बहिणीनं माल बदलला. 'दादा, क्रीमचं काढूनच टाकते. नानकटाई, टोस्ट, कुकीज, खारी. चार महिने टिकणारं नाही, पण चार दिवसांत मरणारंही नाही.' मग म्हणाली, भट्टी अकोल्यात, कारण भाडं कमी आणि माल गाडीनं कुठेही जाईल. विक्री अमरावतीत, कारण तिथं एक तारीख आहे. दोन्हीच्या मधला रस्ता तर आता फेमस झालाय. वर्षानुवर्षं रखडलेल्या या महामार्गावर जून २०२२ मध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनेसमध्ये नोंद झाली. पूर्वी या रस्त्यानं टोस्ट नेला असता तर अमरावतीला रवा पोचला असता.

सासूबाईंना हे अजिबात पसंत नाही. 'भट्टी तिकडं कायले? इकडं दुकान टाक, लोक आपले आहेत,' असं त्यांचं चालू आहे. दिराचा तिसराच पॉइंट, 'वहिनी, मूर्तिजापूरला टाका, दोघंही खूश!' जोक बरा आहे, पण वाईट आयडिया नाही हं. मेन लाइन आहे, दोन्हीकडे तासाभराचं अंतर. तिथं राहून गिऱ्हाईक कोण, एवढाच प्रॉब्लेम.

माझं मत विचाराल तर सांगतो. अमरावतीतलं भाडं महाग वाटलं तरी रोखीनं विकणाऱ्या किरकोळ दुकानाला तेच शहर. सलॉन, बुटिक, कॅफे, जिम यातलं काही असेल तर डोळे झाकून. होलसेल, प्रोसेसिंग, ट्रान्सपोर्ट, किंवा शेजारच्या जिल्ह्यांतल्या गिऱ्हाइकावर चालणारं काही असेल तर अकोला, पण सहा महिन्यांची उधारी सोसेल एवढं भांडवल बाजूला ठेवून. बहिणीकडे तेवढं नाही. पीएफचे पैसे भट्टी, मिक्सर आणि डिपॉझिटमध्ये संपतात, एफडी मावशीची. त्यामुळे मी तिला म्हटलं, पहिले सहा महिने किराणा दुकानदाराला उधारीवर माल द्यायचा नाही म्हणजे नाही, मग तो काकांचा कितीही जुना मित्र असो. यावर काका पहिल्यांदाच गप्प बसले.

राजीनाम्याचा मेल तिनं लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. त्याआधी दोन कामं ठरलीत. अकोल्याच्या त्या जागेच्या आजूबाजूच्या तीन घरांत नळाची चौकशी करायची. आणि मे महिन्यात भर दुपारी एक वाजता जठारपेठेत उभं राहून रस्त्यावर किती माणसं दिसतात, ते मोजायचं. माणसं ती मोजणार आहे. छत्री मी धरायची, असं ठरलंय.